निरंक लिहिणारा सासरा

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एकही रकाना मोकळा सोडला नाही. ही बढाई नाही. आमच्या सरकारी कचेरीत ते दात घासण्याइतकं साधं होतं. तक्त्यात माहिती असेल तर माहिती लिहायची, नसेल तर ‘निरंक’ लिहायचं, म्हणजे ‘काही नाही’. पण जागा मोकळी ठेवायची नाही, कारण मोकळ्या रकान्यात नंतर कोण काय घुसडील याचा नेम नसतो. राळेगावला नवीन लागलो तेव्हा माझ्या पहिल्या साहेबांनी एका अर्जावरचा रिकामा चौकोन बोटानं दाबून धरला आणि म्हणाले, “हे भोक आहे. यातून नोकरी गळते.” त्या दिवसापासून माझा हात निरंकवर बसला.

इतका बसला, की मुलाच्या शाळेच्या अर्जात ‘विद्यार्थ्याचे छंद’ यापुढेही मी निरंक लिहिलं. पोरगं कॉलेजात जाईपर्यंत मला ते ऐकवत होतं. बायकोची तक्रार त्याहून जुनी. लग्नानंतर दोनेक महिन्यांनी तिनं विचारलं होतं, “मले पाह्यलं तवा काय वाटलं होतं तुमाले?” मी उत्तर नीट जुळवत होतो, तर तीच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. निरंक लिहा.” ती गोष्ट ती अजून पाहुण्यांना सांगते आणि पाहुणे अजून हसतात.

निवृत्त झालो तो वणीतच. पहिले काही महिने मी घरातले सगळे कागद लावले, फायलींना दोरे बांधले, आणि मग आवक-जावकचं एक रजिस्टर घातलं. दूध आवक, रद्दी जावक, शेजारच्या घरी गेलेली वाटी जावक, आणि ती परत आली का नाही याची वेगळी नोंद. तिसऱ्या दिवशी बायकोनं रजिस्टरच जावक केलं. म्हणाली, “जित्याची खोड मेल्याबिगर जात नाई म्हणतात ते खोटं नाई.” मला राग आला, पण रजिस्टर रद्दीवाल्याच्या गाडीवर चढलेलं होतं.

खरं सांगायचं तर मी रिकामा झालो होतो आणि मला ते सहन होत नव्हतं. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी पुढच्या खोलीत बसायचो आणि खिडकीच्या पट्टीवरची कोळशाची पूड पुसायचो. खाणींकडून येणाऱ्या ट्रकांची ती कृपा. तासाभरानं पुन्हा पुसता येते. वणीत निवृत्त माणसाला एवढं काम कायम मिळतं.

त्याच खोलीत, दुसऱ्या खिडकीशी, माझी सून काम करायची. तिचं काम काय, हे मला बरेच दिवस नीट कळलं नव्हतं. कानाला हेडफोन, पुढ्यात संगणक आणि पायाखाली एक पॅडल. डॉक्टर रुग्णाला तपासतात आणि काय आढळलं ते तोंडानं बोलून रेकॉर्ड करून ठेवतात. ते बोलणं ऐकून, त्याचा स्वच्छ लेखी अहवाल करायचा, हे तिचं काम. पॅडल दाबलं की आवाज पुढे जातो, सोडलं की थांबतो, म्हणजे हात टाइप करायला मोकळे. हल्ली पहिला कच्चा मसुदा यंत्रच करून देतं. पण तो दिसायला सुबक आणि आत काहीच्या काही असतो, म्हणून पुन्हा सगळं शब्दागणिक ऐकून दुरुस्त करावं लागतं. असे दिसायला सुबक मसुदे करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. ती बढतीवर गेली.

शेजारणीला तर खिडकीतून फक्त पॅडलवरचा पाय दिसायचा. ती एकदा ब्लाऊजपीस घेऊन आली आणि खिडकीतूनच म्हणाली, “बुधवारी लगन हाये, तवरोक देशील ना बाई?” सून कानातल्या डॉक्टरच्या बोलण्यावर मान हलवत होती. शेजारणीला ते होकारासारखं दिसलं. ती कापड खिडकीत ठेवून गेली आणि बुधवारी सकाळी ब्लाऊज न्यायला हजर झाली. शेवटी माझ्या बायकोनं दुपारपर्यंत आपल्या मशीनवर शिवून दिलं. बाह्या जरा घट्ट झाल्या, त्याचा बोल अजून सुनेलाच लागतो.

मग एका सकाळी चहा पिताना सुनेनं सांगितलं, की नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यानं तिला बोलावलं आहे. काम हेच, पण कायमचं. एका महिन्याची परीक्षा द्यायची. घरून केलेलं काम त्यांना पसंत पडलं तर वणीतच राहून करता येईल. नाही पडलं तर नागपूरला जाऊन त्यांच्या कचेरीत बसावं लागेल. मुलाची नोकरी फिरतीची, आठवड्यातून दोन दिवस तो घरी. म्हणजे सून नागपूरला गेली की नातही जाणार. नात तेव्हा पहिलीत होती, आणि पाढे माझ्याजवळ बसून म्हणायची.

मी बशी खाली ठेवली. बायको उठून उगाच भांड्यांचा आवाज करत राहिली. मला मात्र बोलल्याशिवाय राहवलं नाही. म्हणालो, “मंग त्यायले पसंत पडलंच पायजे. त्यात काय हाये?”

“त्यात एक अडचण हाये बाबा,” सून म्हणाली. “मी लिहिलेलं दुसऱ्या कोनीतरी ऐकून तपासाले पायजे. तसा त्यायचा नियम हाये. घरून करणाऱ्यानं आपला तपासनीस आपणच दाखवायचा.”

तपासनीस हा शब्द कानावर पडताच माझी पाठ ताठ झाली. माझं इंग्रजी कॉलेजातल्या गाइडांवर वाढलेलं, बोलायला लाजतं पण वाचायला घाबरत नाही. दवाखान्यानं नमुन्याची चार रेकॉर्डिंगं माझ्याकडून तपासून घेतली, वय विचारलं, आणि हो म्हणाले. मग गुप्ततेचा करार आला. रुग्णाबद्दल ऐकलेलं बाहेर बोलणार नाही, असा. सुनेला वाटलं मी सही करून मोकळा होईन. मी तो दोनदा वाचला, पान तीनवर उल्लेखलेलं परिशिष्ट जोडलेलं नाही हे दाखवून दिलं, परिशिष्ट मागवलं, आणि ते आल्यावर प्रत्येक पानावर सही केली. नवी विटी नवं राज्य. मला झोपेतसुद्धा हसू येत होतं म्हणे.

राज्य मात्र सुनेचं होतं. पहिल्याच दिवशी मी हेडफोन चढवून लगेच मसुद्यात खुणा करायला लागलो, तर तिनं माझा हात धरला. “आधी पूर्ण ऐका बाबा. एकदा शेवटपर्यंत. बोटं मांडीवर ठेवा.” का, तर डॉक्टर सुरुवातीला उजवा गुडघा म्हणतो आणि शेवटी आठवून डावा म्हणतो. आधी शेवट ऐकलेला असला की माणूस घाई करत नाही. मला हे पटायला वेळ लागला, कारण कचेरीत आम्ही शेवट वाचूनच निर्णय घ्यायचो आणि सुरुवात कोणी वाचायचंच नाही.

तिच्या शिस्ती अशाच बारीक बारीक होत्या. औषधाचं नाव ओळखीचं वाटलं तरी यादीत पाहायचं. आकडा कानानं एकदा आणि डोळ्यानं एकदा तपासायचा, कारण इंग्रजीतले पंधरा आणि पन्नास एकमेकांच्या घरात फार जातात. खुर्चीची उंची अशी, की मनगट लटकणार नाही. बाजूला पाण्याचा तांब्या, पण संगणकाच्या उजवीकडे नाही, कारण माझा उजवा हात बोलताना फिरतो. आणि दर वीस मिनिटांनी डोळे उचलून लांब बघायचं. मी लांब बघायचो तेव्हा समोरच्या रस्त्यावरून ताडपत्री बांधलेले कोळशाचे ट्रक जाताना दिसायचे. ते मोजायची मला सवय लागली. सून म्हणाली, “डोळ्याले आराम द्याचा हाये, हिशेब नाई मागितला.”

दुपारच्या जेवणानंतर कठीण फाइल घ्यायची नाही, हाही तिचाच नियम. तो मी पहिल्याच आठवड्यात मोडला आणि एका माणसाच्या पोटाचा अहवाल तपासता तपासता डुलकी घेतली. पाय पॅडलवर होता. जागा झालो तर पोट संपून दुसऱ्याच बाईच्या कानाचं चाललं होतं. मी पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं. सून शेजारी बसून ओठ दाबत होती, पण तिनं घरात कोणाला सांगितलं नाही. ती बाहेरच्यांच्याच नव्हे, आमच्याही गोष्टी पोटात ठेवायची.

पानठेल्यावर माझे जुने सोबती विचारायचे, “काय जी, काय आयकून राह्यले सध्या?” आयुष्यभर मी त्यांना कचेरीतल्या बातम्या पुरवल्या होत्या. आता तोंडाला कुलूप. “काई नाई, आवाज,” एवढंच म्हणायचो. त्यांना वाटलं मला कानाचा काही आजार झाला आहे. एकानं तेलात लसूण कढवून घालायला सांगितलं.

डॉक्टरांना आम्ही आपसात टोपणनावं ठेवली होती. एक ‘पूर्णविराम’ होता. तो प्रत्येक वाक्यानंतर पूर्णविराम म्हणायचा, आणि एकदा तर फोनवर बायकोशी बोलतानाही म्हणाला. एक ‘एक्सप्रेस’ होता. आणि एक ‘चिवडा’. हा डॉक्टर मोठा हुशार असावा, पण त्याला बोलायला वेळ फक्त खाताना मिळायचा. वाक्य चांगलं चालू असायचं आणि नेमक्या महत्त्वाच्या शब्दावर कुर्रम्. नातीनं एकदा हेडफोनला कान लावला आणि आजोबांचा डॉक्टर पोहे भाजके खातो का पातळ, असं विचारलं. करारात बसत नाही म्हणून मी तिला उत्तर दिलं नाही.

या चिवड्यावरूनच आमचं खरं भांडण झालं. शब्द कळला नाही तर सून तिथे एक लांब रेघ ओढून जागा मोकळी सोडायची आणि पुढे वेळ टाकायची, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये कितव्या मिनिटाला आणि सेकंदाला ते आलं ते. बस. तसंच पाठवून द्यायचं. पलीकडे डॉक्टर स्वतः ऐकून ती जागा भरतो.

मला हे बघवेना. “अर्धवट काम पाठवून राह्यली तू. भोकं ठेवून राह्यली.”

“अर्धवट नाई बाबा. माहीत नाई ते माहीत नाई म्हनून सांगून राह्यली.”

“कचेरीत असं पाठवलं असतं तं साहेबानं तोंडावर मारलं असतं.”

“तुमच्या साहेबानं भरलं असतं काय मंग? मनानं?”

भरलं असतं, हे मला माहीत होतं. तिनं मग एक वाक्य सांगितलं, ते मी वहीत लिहून घेतलं: ज्याला ठाऊक आहे त्यानं भरावं. लिहून घेतलं, खाली तारीखही टाकली. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. रेघ दिसली की माझी बोटं मांडीवर वळवळायची.

महिना संपायला चार दिवस उरले होते. तो शनिवार. नातीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि ती त्यात झाड झाली होती. झाडाला बोलायचं नव्हतं, हलायचंही नव्हतं. तरी आठवडाभर तिचा सराव चालला होता, आणि घरात कोणी मध्ये आलं तर झाड ओरडायचं. दुपारी सून आणि बायको तिला घेऊन गेल्या. मी घरी थांबलो, कारण सहा फायली पाच वाजायच्या आत जायला हव्या होत्या. जाताना सून चप्पल घालता घालता म्हणाली, “माझ्याकडून झाल्या हायेत बाबा. तुम्ही ऐकून, वाचून पाठवा फक्त. चिवड्याच्या फाइलमधल्या जागा तशाच राहू द्या.”

मी हो म्हणालो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे कोणी म्हणू नये की मला सांगितलं नव्हतं.

पाच फायली बिनबोभाट गेल्या. सहावी चिवड्याची. तीन जागा मोकळ्या होत्या. एक, खोकला किती दिवसांचा. दुसरी, आधी कुठली शस्त्रक्रिया झाली आहे का. तिसरी, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का. तीन लांब रेघा, पुढे तीन वेळा. मी ऐकलं. कुर्रम्. पुन्हा ऐकलं, आवाज वाढवून. खोकला दहा दिवसांचा, हे मला कळलं, खरंच कळलं. ती जागा मी भरली आणि मला जोर आला. उरल्या दोन.

तिथे मी काय विचार केला तो जसाच्या तसा सांगतो. पहिला विचार असा, की दवाखान्यात ही फाइल उघडणारा माणूस दोन भोकं बघेल आणि म्हणेल, घरून केलेलं काम असंच असतं. मग सून नागपूरला, नात नागपूरला, आणि मी खिडकीची पट्टी पुसायला. दुसरा विचार मला त्या वेळी फार शहाणपणाचा वाटला. माणसाला सांगण्यासारखं काही असतं तेव्हा तो मोठ्यानं सांगतो. काही नसतं तेव्हाच तो घास खाता खाता उरकतो. म्हणजे काही नाही. म्हणजे निरंक. मी दोन्ही रेघा खोडल्या, इंग्रजीत ‘निल’ असं दोनदा टाइप केलं, आणि साडेचारच्या आत फाइल पाठवून दिली. एकही रकाना मोकळा नव्हता. मी स्वतःसाठी चहा केला, आणि तो बायकोच्या चहापेक्षा चांगला झाला असं मला वाटलं.

सहाच्या सुमारास मंडळी परतली. झाडाची क्रेपची पानं निम्मी गळली होती, पण झाड खूश होतं. सुनेनं पाय धुतले आणि सवयीनं संगणक उघडला. मी वर्तमानपत्र वाचत होतो, म्हणजे तिच्याकडे बघत होतो. कौतुक होईल असं वाटत होतं.

“बाबा, चिवड्याच्या फाइलीत तीन जागा होत्या ना?”

“होत्या. भरल्या.”

“ऐकू आलं तुमाले?”

“एक आलं. दोन... तसं काही नव्हतंच तिथं. निल लिहिलं.”

ती वळली. मी तिला चिडलेली पाहिलं आहे, रडतानाही पाहिलं आहे. हा चेहरा पाहिला नव्हता. ती हळूच म्हणाली, “त्या माणसाचं सोमवारी ऑपरेशन हाये बाबा. वरच लिहिलेलं हाये. ॲलर्जी निल म्हणजे त्याले कोणतंही औषध चालते, असं तुम्ही ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरले सांगतलं. मोकळं असतं तं त्यायनं थांबून विचारलं असतं.”

मी उठायला गेलो आणि पुन्हा खुर्चीत बसलो. चौतीस वर्षांत हजारो निरंक लिहिले असतील. त्यांतला एकही कोणाच्या नसेत टोचला जाणारा नव्हता. निदान मला तसं कधी वाटलं नव्हतं.

बायको दारात उभी होती. “अति शहाणा त्याचा बैल रिकामा,” ती म्हणाली, पण आवाजात नेहमीची मजा नव्हती. सुनेनं फोन उचलला. “मीच सांगते. पाठवताना माझ्याकडून चुकलं म्हनते. फाइलवर नाव माझंच हाये.”

त्या क्षणी, लाज वाटते सांगायला, मला बरं वाटलं. अगदी क्षणभर. तिनं सांगितलं तर मी तपासनीस राहीन. मग दिसलं, की मी राहीन आणि ती जाईल. महिनाभर एकही शब्द मनानं न भरणारी पोरगी माझ्या निरंकापायी परीक्षेत नापास होईल.

“आन इकडं तो फोन,” मी म्हणालो. कचेरीतला एक नियम मला अजून पाठ होता, आणि तो निरंकच्या नियमापेक्षा जुना होता. चुकलेल्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी सही करायची. खाडाखोड ज्याची, सही त्याची.

पलीकडे दवाखान्याच्या अभिलेख विभागाच्या प्रमुख बाई होत्या. मी उभं राहून बोललो. कोण बोलतोय, कुठली फाइल, कोणत्या दोन ओळी, काय लिहिलं, आणि ते मला ऐकू आलेलं नव्हतं, हे सगळं क्रमानं सांगितलं. बाईंनी एकदाच विचारलं, “ऐकू आलं नव्हतं, तरी लिहिलं?” मी हो म्हणालो. त्यांनी थांबायला सांगितलं. फोनमध्ये संगीत वाजत राहिलं. सून माझ्याकडे बघत होती, बायको सुनेकडे, आणि नात झाडाच्या वेषात मधोमध न हलता उभी होती, कारण मोठी माणसं गप्प झाली की काय करायचं हे तिला त्या दिवशी तेवढंच येत होतं.

मग थेट चिवडाच फोनवर आला. बाईंनी त्याला रेकॉर्डिंगमधल्या त्या जागा ऐकवल्या असाव्यात. “त्या रुग्णाला पेनिसिलिन चालत नाही,” तो म्हणाला. “मागे एकदा दिलं तर श्वास लागला होता. सोमवारच्या आत सांगितलंत, बरं झालं. दोन्ही जागा मी आत्ता दुरुस्त करतो.” तो तेव्हा काही खात नव्हता. मी त्याला बरं म्हणालो आणि फोन सुनेच्या हातात दिला.

बाईंनी लेखी खुलासा मागितला. खुलासे मी शेकड्यांनी लिहिले होते, पण सगळे दुसऱ्यांचे. ज्याच्यावर नोटीस निघायची तो माझ्या टेबलाशी यायचा आणि मी ‘अनवधानाने’, ‘कामाच्या व्यापामुळे’, ‘सदर बाब नजरेतून सुटली’ अशी वाक्यं त्याला लावून द्यायचो. आता तीच वाक्यं हाताशी उभी राहिली आणि एकही उपयोगाचं नव्हतं. नजरेतून काही सुटलं नव्हतं. मी चार ओळी लिहिल्या: जागा मोकळ्या ठेवा असं मला सांगितलेलं होतं. मला दोन ठिकाणचे शब्द ऐकू आले नव्हते. तरी मी जागा भरल्या. चूक माझी आहे. त्यांच्या फॉर्मात शेवटी एक रकाना होता, ‘या चुकीत अन्य कोणाचा सहभाग’. तिथे मी निल लिहिलं. या वेळी ते मला पक्कं ठाऊक होतं.

चार दिवस घरात कोणी नागपूरचं नाव काढलं नाही. बायको मला टोमणा मारत नव्हती, यावरून परिस्थितीचा अंदाज येत होता. पाचव्या दिवशी पत्र आलं आणि सुनेनं ते मोठ्यानं वाचलं. तिनं जिथे जिथे जागा सोडल्या होत्या तिथे तिथे वेळ बिनचूक होती, आणि त्या शनिवारच्या फाइलीतही तिनं सोडलेल्या जागा त्यांना सापडल्या होत्या. काम तिला कायमचं मिळालं, घरूनच. तपासनीस मात्र त्यांच्याकडचा असेल. माझं खातं बंद करण्यात येत आहे.

बायकोनं देवासमोर साखर ठेवली. नातीनं पत्रातलं काही न कळता उड्या मारल्या. मला आनंद झाला, खराखुरा, डोळ्यांत पाणी येण्याइतका. आणि वाईटही वाटलं, तेही खरंखुरं. एकाच वेळी दोन्ही होतं याची नोंद कुठल्या रकान्यात करायची ते मला माहीत नव्हतं. मी हेडफोनची तार गुंडाळली, डबीत ठेवली आणि डबी कपाटात वर ठेवून दिली.

पुढच्या आठवड्यात नातीनं शाळेतून एक कागद आणला, ‘माझं कुटुंब’. माझं अक्षर घरात सर्वांत सुबक, म्हणून असले कागद माझ्याकडे येतात. घरातल्या प्रत्येकापुढे ‘काय करतात’ असा रकाना होता. आजीपुढे मी लिहिलं, शिवणकाम व सर्वांवर देखरेख. बाबांपुढे नोकरी. आईपुढे, डॉक्टरांचे अहवाल लिहिते. मग आजोबा. पेन सवयीनं टेकलं, ‘नि’ची वेलांटी काढायला हात वळलासुद्धा. मी तो उचलला. ते मला ठाऊक नव्हतं, आणि काही नाही असं लिहायचा धीर होत नव्हता. मग शिकवलेलं केलं. एक लांब रेघ ओढली, पुढे बारीक अक्षरात वेळ टाकली, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे, आणि कागद दप्तराशी ठेवून दिला.

सकाळी खिडकीची पट्टी पुसायला गेलो तर कागद माझ्या खुर्चीवर होता. रेघेवर सुनेच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘चुकले तर सांगतात.’

मी तो दोनदा वाचला. मग खाली कोपऱ्यात ‘पाहिले’ असं लिहून आद्याक्षरांची सही केली. बायको चहा घेऊन आली, कागदाकडे पाहून म्हणाली, “शाळेच्या कागदावर कायले सही करून राह्यले?”

“लागते,” मी म्हणालो. तिनं कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा खिडकीच्या पुसलेल्या पट्टीवर ठेवून आत गेली.